रेवतीच्या गुटीबाबत माझे शेवटचे म्हणणे

मी, श्रीमती नलिनी धोंडू घाडीगावकर, वय ७६, राहणार जोगेश्वरी (पूर्व), लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असे सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंड साळवी म्हणतात. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणणारा अजून जन्मायचा आहे.

१. राहती जागा मुलगा राजेश व सून माधुरी यांना, निम्मी निम्मी. माधुरीने माझी नात श्रुतिका हिला डब्याच्या दुधावर वाढवले, तेही घड्याळ लावून. पोर रडून लाल झाली तरी म्हणायची, "आई, अजून वीस मिनिटं आहेत." ते मी विसरले आहे असे धरून जागा देत आहे.

२. पोस्टातली ठेव श्रुतिकाला. तिने माझी पणती रेवती हिला जन्मल्यावर तासाभरात छातीशी घेतले. नर्स म्हणाली, पहिला चीक बाळाला मिळालाच पाहिजे. ते ऐकून मी हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. राजेशच्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "पिवळा दूध पोराक बाधता, पिळून टाक." मी तीन दिवस मोरीत पिळले आणि पोर गुळाच्या पाण्यावर राहिले. सासूबाईंवरचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही, सोबत नेणार आहे.

३. आमच्या ह्यांचे घड्याळ नातजावई निलेशला. तो न सांगता डायपर बदलतो. ह्यांनी राजेशचा ओला लंगोट जन्मात एकदाच उचलला, तोही सांडशीने. सांडशी मी त्याच दिवशी भंगारात दिली.

४. चांदीचे बोंडले रेवतीला, बाहुलीला दूध पाजण्यापुरते. त्याची चोच नीट धुता येत नाही, असे डॉक्टर म्हणतात. रेवती आता आठ महिन्यांची आहे. तिच्यापुढे उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी ठेवतात, ती आपल्या हाताने खाते, निम्म्या केसांना लावते. मी मऊ भात भरवू का विचारले की श्रुतिका म्हणते, "आजी, किती भूक आहे ते तिला कळतं गं." कळते खरे. पण मला भरवायला आवडते, हेही लिहिलेले बरे.

५. गुटी उगाळायची सहाण. इथे मला जरा जास्त लिहायचे आहे. रेवती तीन महिन्यांची असताना पोटात कळ येऊन किंचाळत होती, श्रुतिका ऑफिसच्या कॉलवर होती. मी गुटी उगाळली. जायफळाचा सहाणेवर एकच वेढा द्यायचा असतो. लवकर निजावी म्हणून मी सात दिले. ती निजली ती उठेचना. रिक्षा करून सगळे दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी विचारले, "वरचं काही दिलंत का?" मी नाही म्हणाले. त्यांनी वाकून बाळाचे तोंड हुंगले आणि माझी वाट लागली.

संध्याकाळी रेवती उठून दूध प्यायली. श्रुतिका एवढेच म्हणाली, "आजी, दिलंस ते एक वेळ समजू शकते. खोटं का बोललीस?" मी रेवतीचे दुपटे घडी करत बसले. तेव्हापासून पाच महिने रेवती माझ्या मांडीवर येते, पण खोलीत दुसरे कोणी असेल तरच.

तर उत्तर असे: बाळ माझ्या हातून काढून घेतील, या भीतीने खोटे बोलले. सात वेढे हीसुद्धा माझीच चूक, त्यात अनुभव वगैरे काही नव्हता. सहाण श्रुतिकाला, चंदन उगाळायला. गुटीची पुरचुंडी माझ्याबरोबर जाळावी. शेजारीण कमळ मागेल, तिला देऊ नये.

६. हे कलम मार्तंडरावांकडून लिहून घेत आहे, त्याचे कारण खाली. पाचवे कलम मी काल श्रुतिकाला वाचून दाखवले. आज साक्षीदार येऊन बसले, मी पेनचे टोपण काढले, तेवढ्यात तिने रेवतीला आणून माझ्या हातात दिले. म्हणाली, "मी बाजारात चाललेय, तासभर लागेल. काका-काकू गेले तरी चालेल."

रेवती माझ्या उजव्या हातावर झोपली आहे. त्यामुळे सही डाव्या हाताने केली आहे. ती वाकडी आली तरी माझीच आहे, कोणी शंका काढू नये. साक्षीदारांनी सह्या कराव्यात, हळू बोलावे आणि जाताना दार ओढून घ्यावे.

ठिकाण: जोगेश्वरी (पूर्व)
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही, डाव्या हाताची)
नलिनी धोंडू घाडीगावकर

साक्षीदार:
१. मार्तंड साळवी
२. कमळ तांडेल