ओट्यावरचा उतार

मी, यशवंत दगा शिंपी, वय बासष्ट, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार शनवारा, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दिवाळीनंतर छातीत कळ आली होती, परंतु डोकं शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. पाय लहानपणापासून अधू आहेत, त्यांचा या कागदाशी संबंध नाही. मला कोणी दमदाटी केलेली नाही. समजूत मात्र पुष्कळांनी घातली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझं लग्न झालेलं नाही. रक्ताचा म्हणून धाकटा भाऊ योगेंद्र आणि त्याचा मुलगा हर्षल. घर वडिलांचं. वाटणीत रस्त्याकडची दुकानाची खोली आणि तिच्यावरची माडी मला आली. मागचं घर व दुकानापुढचा ओटा योगेंद्रला. "याला ओट्यावर बसून काय करायचंय?" असं वडील म्हणाले होते. ते वाईट नव्हते, त्यांना तेवढंच दिसत होतं. पण दुकान माझं आणि दुकानात शिरायची वाट भावाची, हा घोळ तेव्हापासूनचा आहे.

२. दुकानाची खोली, त्यातली मशीनं, मोटारी, हत्यारं आणि बाहेरची पाटी, हे सर्व सोनाली कडू तायडे, राहणार जैनाबाद, हिला मिळावं. ती माझ्या नात्यात नाही. हे मला सगळ्यांनी विचारून झालं आहे, परत विचारू नये.

ती कोण, ते लिहून ठेवतो. जन्मापासून तिच्या दोन्ही पायांत बळ नाही. अपंगांसाठीच्या एका वाटप शिबिरात तिला हार घालून, फोटो काढून शिलाई मशीन दिलं. ते पायाने चालवायचं होतं! वाटणाऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. मिळालेली वस्तू परत कशी करायची म्हणून घरच्यांनी त्यावर टीव्ही ठेवला. पुढे तिचे वडील कडू ते माझ्याकडे विकायला घेऊन आले. मागून तीनचाकीवर ही पोरगी. म्हणाली, "काका, मशीन तर भेटली. आता चलाने के लिए पाय कधी वाटनार हायेत, ते पन विचारून सांगा ना."

मी हसलो, आणि मग मला फार राग आला. मशीन विकत घेतलं नाही. त्याला मोटार लावली आणि मोटारीचा पायाने दाबायचा खटका वर टेबलावर बसवला, कोपराने दाबायचा. दोन्ही हात कापडाला मोकळे झाले. बातमी पसरली, तशी कुठे टीव्हीखाली, कुठे तुळशीच्या कुंडीखाली अडकलेली मशीनं निघू लागली. आज शाहपूर, जैनाबादकडची अशी कितीतरी माणसं आपापल्या दारात परकर-पिशव्या शिवून विकतात. लूमवाल्यांकडून कापडाचे तुकडे सोनाली आणते, आणि मशीन बिघडलं की तीच उघडते. माझे हात आता कापतात. हे दुकान बंद पडलं, तर एकेक मशीन बिघडेल आणि त्याच्यावर परत टीव्ही चढेल. मला मरणाची भीती नाही, याची आहे.

३. गिऱ्हाइकांस सूचना. "बिचारी" म्हणून सांगेल तो भाव देऊन जाऊ नये. घासाघीस करावी, शिलाई वाकडी असेल तर भांडावं. सोनाली भांडणात कोणाला हार जात नाही. दया करायची असेल तर मारुतीच्या देवळाबाहेर पुष्कळ जागा आहे.

४. आता मूळ दुखणं. सोनालीची तीनचाकी आत यावी म्हणून ओट्यावर सिमेंटचा उतार केला, योगेंद्रच्या तोंडी परवानगीने. त्याच उतारावर तो स्कूटर लावतो. पोरगी उन्हात रस्त्यावर थांबून हाका मारते. मी कुबड्या सावरून उठेपर्यंत समोरचा पानवाला गोटू येऊन स्कूटर सरकवतो. याबद्दल मी योगेंद्रशी बोललो. तो म्हणाला, "दादा, तू हाय तंवर ठीक हाय. तुझ्या माघारी मी तो उतार काढून टाकतो. मोबाइलवाला दुकान मांगून राहिला. अन् ती पोरगी काय आपल्या खून की हाय का?"

म्हणजे दुकान मी देऊ शकतो, दार देऊ शकत नाही.

५. म्हणून माडीची खोली पुतण्या हर्षलला देतो. त्याचं लग्न ठरलं आहे, खोली लागेलच. पोरगा चांगला आहे, बापापुढे मुका होतो एवढंच. अट अशी, की उतार योगेंद्रने किंवा कोणीही फोडला, अडवला किंवा त्यावर माल रचला, तर माडीही सोनालीची. ती वर कशी चढेल, ही चिंता कोणी करू नये, ती भाडेकरू ठेवील.

वकील म्हणाले, अट टिकेल, पण कोर्टात वर्षं जातील. तोवर पोरगी रस्त्यावरच. त्यामुळे कायद्यावर माझा अर्धाच भरवसा आहे.

६. माझ्या कुबड्या चितेवर ठेवू नयेत. ज्याच्या मापाला येतील त्याला द्याव्यात. देताना हार घालू नये आणि फोटो काढू नये. बँकेत जे असेल त्यातून माझे दिवस साधेपणाने करावेत, उरेल त्यातून मशीनांना लावायच्या मोटारी घ्याव्यात. हे सर्व पार पाडण्याचं काम शेजारच्या शोभाताई भावसार यांनी पत्करलं आहे.

७. मला मागच्या दाराने काढू नये. दुकानातून, उतारावरून न्यावं. मडकं योगेंद्रनेच धरावं. तो माझा भाऊ आहे, लहानपणी मला पाठुंगळी घेऊन शाळेत नेणारा तोच होता, हे मी विसरलेलो नाही. तो विसरला, याचं वाईट वाटतं. मडक्यामागे मी, माझ्यामागे सोनालीची तीनचाकी. त्या दिवशी उतारावर स्कूटर असेल तर गोटूने हात लावू नये, योगेंद्रने स्वतः काढावी. उतार फोडलेला असेल तर आधी बांधावा आणि मग मला उचलावं. सिमेंट वाळायला वेळ लागतो, मला ठाऊक आहे. मी थांबेन, सोनाली थांबते तसाच.

वरचं सर्व वाचून, समजून सही करतो.

यशवंत दगा शिंपी
शनवारा, बुऱ्हाणपूर
दिनांक १७ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. शोभा रमेश भावसार, निवृत्त शिक्षिका
२. प्रकाश ऊर्फ गोटू बारी, पानदुकान

यशवंतरावांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. सही करतेवेळी ते पूर्ण शुद्धीत होते, सोनाली तायडे बाहेर रस्त्यावर होती, आणि उतारावर स्कूटर उभी होती.