साबण लागला

४ मार्च
आले बाई एकदाची! नोकरी लाँड्रीतली, पण साधीसुधी नव्हे. तीन इस्पितळं आणि पाच हॉटेलांच्या चादरी इथे धुतल्या जातात. माझं काम इस्त्रीच्या रुळावर: ओली चादर मी आत सारायची, पलीकडून बाहेर आली की मावशी घडी घालतात. मावशी इथल्या सगळ्यांत जुन्या. राहायला वरच्या मजल्यावर खोली. आहे खुराडंच, पण बॉयलरचं पाणी थेट नळाला येतं. जन्मभर दोन तांब्यांत अंघोळ उरकलेली मी, आज अर्धा तास कढत पाण्याखाली उभी होते. धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ताई, सोलून निघशील अशाने. जळते मेली.

११ मार्च
इथे एक गंमत आहे. दारालगत लाकडी फळीवर पक्क्या बायकांच्या नावाच्या पट्ट्या ठोकल्या आहेत. नवीन बाईची पट्टी लगेच लागत नाही. साबणाने खाज सुटली की मगच. मुकादमबाईंचं म्हणणं, जिला साबण लागला नाही तिने कामच केलं नाही. मला अजून काहीच नाही. आमची कातडी गेंड्याची, म्हटलं, तर सगळ्या हसल्या.

२६ मार्च
लागला! अंघोळ करून बाहेर आले आणि पाठ, पोट, मांड्या, सगळीकडे सुया टोचू लागल्या. तासभर नुसती खाजवत होते. खाली येऊन सांगितलं तर टाळ्या पडल्या आणि मुकादमबाईंनी स्वतः हातोडी घेऊन पट्टी ठोकली. तोंडही लाल झालंय. इथलं पाणी मानवलं हो, असं जो तो म्हणतो. नवरा गेल्यापासून कुठल्याच दारावर माझं नाव नव्हतं. पट्टी बघून रडूच आलं मला.

९ एप्रिल
मावशींनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. आमच्या सगळ्यांच्या हातांना भेगा, तुझे मात्र लोण्यासारखे, साधी पुळी नाही, हे कसं, म्हणाल्या. त्यांची खाज मनगटापर्यंत. माझी हात सोडून सगळीकडे. मी हसण्यावारी नेलं. फळीवरची पट्टी काढून घेतली तर?

१३ एप्रिल, रविवार
आज मुद्दाम साबणाला हात लावला नाही. नुसतं गरम पाणी. दहा मिनिटांत अंगाची लाहीलाही झाली. मग साबणाने होत नसेल तर कशाने होतंय? मनात पाल चुकचुकली आहे. कुणाला सांगितलं नाही.

६ मे
कंपनीचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. रांगेत एकोणीस जणी. मान वर न करताच म्हणाले, साबण ना? नुसत्या पाण्यानेही होतं हो, असं म्हणेपर्यंत मलमाची नळी माझ्या हातात आणि पुढची बाई खुर्चीत. डोकं जड असतं, हे सांगायचंच राहिलं. मुकादमबाई म्हणाल्या, उगाच खाजवून खरूज काढू नकोस.

२१ मे
मलमाने काडीचा फरक नाही. बोटांची टोकं लालभडक, जळतात. डाव्या बरगडीखाली काहीतरी दाटल्यासारखं. दोन घास खाल्ले की पोट भरतं. चादर सारताना डोळ्यांपुढे काजवे. आठ दिवस अंघोळ नाही. धाकटीने खडसावलं, आधी रक्त तपासून घे.

२८ मे
नाक्यावरच्या दवाखान्यात रक्त दिलं. घट्ट, काळपट. सुई दोनदा टोचावी लागली. संध्याकाळी निरोप आला: इतकं रक्त कुणाच्या अंगात नसतं, नमुना बिघडला असणार, पुन्हा या. मुकादमबाईंना सांगितलं. म्हणाल्या, लोकांना रक्त पुरत नाही, तुझं उतू चाललंय, नशीबवान आहेस. सगळ्या हसल्या. मीही हसले. मी का हसले?

५ जून
पुन्हा तोच आकडा. नमुना बिघडला नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दार लोटून मला बसवलं. खाज सुटलेल्या प्रत्येकाला असं काही नसतं, म्हणाल्या, पण पुरळ नाही आणि गरम पाण्याने खाज येते, म्हणजे रक्त प्रमाणाबाहेर बनत असेल. घट्ट रक्त कुठेही अडू शकतं. हे आधीच सांगायला हवं होतं तुम्ही. कुणाला सांगायला हवं होतं मी? रक्ताचे डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर काही वेगळं वाटलं तर थेट इस्पितळ गाठायचं. मी मान हलवली.

७ जून
सोमवार अजून दोन दिवस. भीती वाटते — खूप. आत काहीतरी दाट होत चाललंय आणि मी चादरी सारतेय. सुट्टी मागितली नाही. पट्टीसाठी. मूर्ख बाई. धाकटी उद्या रात्री येते आहे. तिला सकाळीच ये म्हणायला हवं —

८ जून, रविवार, दुपार
धाकटी येणार म्हणून अंघोळ केली. खाज सुटली, मग थांबली. उजव्या अंगाची सगळीच. किती बरं —

पेन पडलं. डाव्या हाताने लि

फोन — आकडे कळत ना

मावशी आल्या. दार वाजवतात. ओ देतेय मी. तोंडातून भलतंच —

कडी आतून. पाय उठत —

झोपली असेल, म्हणतात कुणाला तरी. झोपू दे बिचारीला, रोज मरमर मरते. जिना उतरतायत

मावशी मी जागी आ