दवण्याचं अत्तर कुणाला शोभतं

आबा, मला तुमचा वास आठवत नाही. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, आणि हे मी अजून आईलाही सांगितलेलं नाही. तुमचा आवाज आठवतो. गल्लीच्या तोंडाशी आलात की चपलेची करकर आधी घरात यायची, तीही आठवते. पण ज्या माणसानं जन्मभर अत्तर विकलं त्याचाच वास त्याच्या मुलीला आठवू नये, हे सांगायला मला तोंड नाही.

मी आता पुण्यात एका लहानशा परफ्यूम कंपनीत काम करते. तुम्ही रोज लावायचात ते मिश्रण आम्ही बाटलीत भरून विकायला काढतोय. चंदनाच्या तेलात वाळा, जरासा हिना आणि शेवटी दवण्याचे तीन थेंब. माप तुमच्या वहीतलं, तुमच्या अक्षरातलं. मी त्यात केसभरही बदल केलेला नाही, आणि केला तर नाही ना, हे बघायला वही कितीदा उघडली ते विचारू नका. हे अत्तर बायकांचं नाही की पुरुषांचं नाही, दोघांचंही आहे, त्यामुळे ते कोणत्या व्यक्तिमत्त्वाला शोभेल हे खोक्यावर दोन ओळींत लिहायचं होतं. मी अकरा वेळा लिहिलं आणि अकरा वेळा खोडलं. आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, 'बोल्ड' घाल, 'गूढ' घाल आणि मोकळी हो. बोर्डाचा पेपर आहे का हा?" त्यांना काय सांगणार, माझी शाळा तुमच्या दुकानातच सुरू झाली होती आणि तिचा पेपर अजून संपलेला नाही.

मी दहा वर्षांची आहे. महाद्वार रोडवरचं आपलं दुकान, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं एवढं. शेतकऱ्याचा पोरगा अत्तर विकतो म्हणून आपल्या गावची, कोडोलीची माणसं तुम्हाला हसतात आणि बाजाराला आली की फुकटचा फाया कानात घालून जातात. एक दिवस एसटीच्या कंडक्टरबाई आल्या, खाकी गणवेशात, आणि त्यांनी दवण्याच्या बाटलीकडं बोट दाखवलं. मी शहाणपणानं म्हणाले, "ते पुरुष लावतात. तुम्हाला मोगरा देऊ?" बाईंचा हात मागं गेला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "वासाला मिशा असत्यात व्हय गं? माफी माग त्यांची." मी रडवेल्या तोंडानं माफी मागितली. बाईच हसून म्हणाल्या, "असू दे ओ, दिवसभर लोक मलाच 'ओ साहेब' म्हणत्यात."

मग तुम्ही त्यांच्या, माझ्या आणि स्वतःच्याही मनगटामागं काचेच्या काडीनं अत्तर टेकवलंत आणि म्हणालात, "आता अंबाबाईचं दर्शन घेऊन या. आवडलं तर न्या, न्हायतर हात धुऊन टाका." लावल्या लावल्या तुम्ही कुणालाच अत्तर देत नव्हता. गिऱ्हाइकाला अर्धा तास बाहेर पिटाळायचात. शेजारचा चपलांवाला ओरडायचा, "पावणं परत येत्यात का तिकडंच प्रसाद खाऊन जात्यात?" बाई परत आल्या. तुम्ही मला तिघांचे हात हुंगायला लावलेत. बाईंच्या हातावर दवणा पिकल्या फळासारखा गोड झाला होता. माझ्या हातावर हिरवा, कडसर, नुकत्याच मोडलेल्या काडीसारखा. "दवणा ज्याला लावशील त्याच्यासारखा होतो," तुम्ही म्हणालात, "म्हणून घाई करायची न्हाई." तुमच्या हातावर काय आलं होतं? मी तुमचा हात दोन्ही हातांनी धरला होता, हे दिसतं. मनगटावरची जुनी भाजल्याची खूण दिसते. आणि त्याच्या पुढं काहीच नाही.

दवणा ज्याच्या त्याच्यासारखा होतो, हेही मी विसरले, आबा. रसायनशास्त्र शिकले आणि विसरले. कंपनीत आम्ही कागदाच्या पट्टीवर वास बघतो, कारण हातावर बघितलं तर साबणाचा, घामाचा, जेवणाचा वास मिसळतो. तुमचं मिश्रण मी कित्येकदा बनवलं. प्रत्येक वेळी पट्टीवर सुंदर आलं आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, चुकलं. वजनकाटा तपासून घेतला, वाळा बदलला, दवणा तीन गावांहून मागवला. माप पहिल्यापासून बरोबर होतं हे मला गेल्या महिन्यात कळलं. कागदाला दवणा कळतच नाही.

तुम्ही म्हणायचात, हे अत्तर बोलक्या माणसाला देऊ नये, तो आधीच सगळीकडं पोचलेला असतो. म्हणून शेवटी मी खोक्यावर लिहिलं, 'ज्याचं चांगलंपण उशिरा लक्षात येतं, अशा माणसासाठी.' मॅडम म्हणाल्या, "हे वाचून कोण स्वतःसाठी घेईल?" पण ठेवलं त्यांनी. आता ते कुणीही लावेल आणि ज्याच्या त्याच्यासारखं होईल.

त्याआधी एकदा तरी तुमच्यासारखं व्हावं म्हणून गेल्या रविवारी मी बाटली घेऊन कोडोलीला गेले. काका तुमचेच सख्खे भाऊ, कातडी एका घरची. ते धार काढून नुकतेच ओट्यावर बसले होते.

"काका, हात द्या."

"भविष्य बघतीस काय? आता ऱ्हायलंय किती!"

"अत्तर लावायचंय."

"आणि म्हशीनं लाथ घातली मग?"

आतून काकू म्हणाल्या, "लावून घ्या की. एक दिवस तरी माणसात याल."

मी लावलं आणि घड्याळ लावून बसले. काका पहिल्यांदा बडबडले, मग मी काय शोधतेय याचा त्यांना अंदाज आला आणि ते हात मांडीवर उताणा ठेवून बसले. अर्ध्या तासानं मी वाकले. एक क्षण, अगदी एकच, काहीतरी जवळून गेल्यासारखं झालं. मग धारेचा वास आला, तंबाखूचा आला, आणि काका राहिले.

"आला का दादा?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा वाकून हुंगलं. त्यांनी आपण होऊन डावा हात पुढं केला. "ह्यावर बघ. ह्यो कमी राबलाय."

मी त्यावरही लावलं. पुन्हा अर्धा तास बसलो. काकूंनी दोनदा चहा दिला. तोही हात काकांचाच निघाला. मी नाही म्हणून मान हलवली तेव्हा काका गोठ्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, "शेवटी दवाखान्यात हुता तवा लावत होतीस का त्याला? त्याला लई लागायचं ते."

"व्हय," मी म्हणाले, "रोज लावत होते."

"बरं केलंस, बाई. माझ्या मनात सारखं येत हुतं." ते उठले, आणि हात न धुताच म्हशींकडं गेले.

आबा, तुम्ही एकदाच मागितलं होतं. दुपारची वेळ होती, आई डबा आणायला घरी गेली होती. "कानामागं जरा लाव गं. ह्या फिनेलच्या वासात माझा मीच घावंना झालोय." बाटली माझ्या दप्तरात होती. मी सोळा वर्षांची होते, आणि मी म्हणाले, "इथं चालत नाही, आबा. त्यांनी सांगितलंय." तुम्ही म्हणालात, "बरं. नेम हाय तर हाय," आणि भिंतीकडं वळलात.

तसं कुणीच सांगितलं नव्हतं. कुणी रागावेल याची मला भीती वाटली, एवढंच. नर्सबाई दहा पावलांवर बसल्या होत्या, आणि मी त्यांना विचारलंसुद्धा नाही.