टक्केवारीतली जोडी

मखमलाबाद, नाशिक

प्रिय योगिनी,

इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं असशील. तुझा बंगळूरचा पत्ता पुंजामामाने मिळवून दिला. मिस्त्री साहेबांच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखणारा माझा मामा, ज्याने मला रेसकोर्सवर नेलं, तोच. तुझ्या बाबांचं रेसच्या अंदाजांचं पुस्तक गेटवर विकणारे काका त्याला पुण्यात भेटले आणि त्यांच्याकडून तुझा ठिकाणा कळला. त्यांनी फोन नंबरही दिला होता. पण फोनवर मी अवघड वेळी गप्प बसतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? म्हणून लिहायला बसलो.

मी आता कायमचा नाशिकला आलोय. मागच्या वर्षी मुंबईच्या एका शर्यतीत शेवटच्या वळणावर घोडी अडखळली आणि मी खाली आलो. मागून येणाऱ्या घोड्याचा पाय कमरेवर पडला. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण घोड्यावर बसणं संपलं. मळ्यात दीपकदादाने अर्ध्या रानात गुलाब आणि अर्ध्यात झेंडू लावलाय. सकाळी फुलबाजाराला जायचं काम माझ्याकडे आहे. गंमत सांगू? दादाच्या मोटरसायकलवर मला टांग टाकता येत नाही. ज्याच्या नावापुढे तू एकेकाळी आकडे मांडायचीस, तो जॉकी आता फुलांच्या क्रेटसोबत छोट्या टेम्पोत बसून जातो. आई बरी आहे. अजूनही घोड्यांवर राग धरून आहे. 'तुला लय सांगितलं व्हतं मी, पण तू ऐकलं नाय,' असं दिवसातून एकदा तरी म्हणते आणि मग माझ्या ताटात जास्तीची भाकरी टाकते. आयुष्यभर वजन राखण्यासाठी उपाशी राहिलो त्याची भरपाई चाललीय.

परवा दादाच्या मुलाला शाळेत सरासरी आणि टक्केवारी शिकवली. तो मला शंका विचारायला आला आणि मी तुझीच वाक्यं त्याला सांगत बसलो. 'पाचात तीनदा झालं म्हणून साठ टक्के म्हणू नकोस. पाच म्हणजे काहीच नाही. आधी पुष्कळदा होऊ दे.' बोलता बोलता पुण्यातली, एम्प्रेस गार्डनच्या वाटेवरची चहाची टपरी आठवली. सकाळचा सराव संपवून मी तिथे उभा होतो. तू आलीस, हातात तुझ्या बाबांचं पुस्तक, आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणालीस, 'तुम्ही कुंदन ना? मिस्त्री साहेबांचा घोडा मोठ्या विश्रांतीनंतर दुसऱ्यांदा पळतो आणि त्यावर तुम्ही असता, तेव्हा तीनातली एक शर्यत जिंकता. एरवी दहातली एकसुद्धा नाही. हे तुम्हाला माहीत आहे का?' मला माहीत नव्हतं. मी हसून म्हणालो, 'मग मी एरवी घरीच बसत जाऊ का?' तुला हसू आलं नाही. तू म्हणालीस, 'तुम्ही वाईट जॉकी नाही. तुम्हाला एरवी वाईट घोडे मिळतात.'

माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल कुणी इतकं नीट बोललं नव्हतं. घोडा हरला की शिव्या मला आणि जिंकला की कौतुक घोड्याचं, एवढंच मी ऐकत आलो होतो. तू मात्र मागच्या कितीतरी मोसमांचे छापील निकाल घेऊन बसली होतीस. पैसे लावायला येणारे लोक घोड्याची चाल बघायचे, मालकाचं नाव बघायचे, कुणी स्वप्नात आलेला नंबर लावायचे. तू म्हणायचीस, 'मी घोड्याभोवतीची माणसं बघते.' एकट्या जॉकीची टक्केवारी फसवी असते, कारण मोठ्या नावाच्या जॉकीला मुळात चांगलेच घोडे मिळतात. एकट्या ट्रेनरची पण फसवी असते. म्हणून तू जोडी बघायचीस. कोणता ट्रेनर कोणत्या जॉकीला कधी बोलावतो, नेहमीचा जॉकी मोकळा असताना दुसऱ्याला का बसवतो. आमचे ट्रेनर मिस्त्री साहेब विश्रांतीनंतरच्या पहिल्या शर्यतीत घोड्याला दमसास येऊ द्यायचे. दुसऱ्या वेळी, घोडा तयार आहे असं वाटलं की मला हाक मारायचे. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. कदाचित त्यांना स्वतःलाही उमगलं नसेल. तुला आकड्यांत दिसलं.

पुढे आपलं जे जुळलं, त्यातला सगळ्यात चांगला काळ नाशिकचा. पुण्यात आपण एकमेकांना ओळखही दाखवायचो नाही. जॉकीने आतली खबर बाहेर दिली तर त्याचं लायसन्स जातं आणि तू तर रेसच्या पुस्तकात अंदाज लिहिणारी. म्हणून शर्यती नसतील त्या सोमवारी तू पुण्याहून बस पकडायचीस आणि नाशिकच्या द्वारका चौकात उतरायचीस. मी दादाची गाडी घेऊन उभा असायचो. घोड्यांविषयी एक शब्द बोलायचा नाही, हा नियम तूच घातला होतास आणि तो पाळायला तू भलतीच कडक होतीस. एकदा गोदाकाठी, गंगेवर, एक टांगा समोरून गेला. मी सवयीने म्हणालो, 'याचा मागचा डावा पाय दुखतोय.' तू लगेच माझ्या तोंडावर हात ठेवलास. मी म्हटलं, 'अगं, हा कुठल्या शर्यतीत पळणार आहे?' तर म्हणालीस, 'सवय लागायला नको.' आई तुला हिशोबाची मास्तरीण म्हणायची. तू आलीस की ती शेजारच्या साळूबाईला मुद्दाम हाक मारून बोलावून घ्यायची. तिला तू दाखवायची असायचीस.

त्या मोसमात तुझं सदर चालायला लागलं. दर आठवड्याला तुझे दोन-तीन अंदाज तरी बरोबर यायचे. गेटवर लोक तुझ्या बाबांचं पुस्तक हातोहात नेऊ लागले. तुझे बाबा खूश होते, तूही. पण लोकांना आकडे दिसत नव्हते. त्यांना वाटायचं, एवढं बरोबर येतंय म्हणजे आत कुणीतरी माणूस आहे. मग कुणीतरी आपल्याला नाशिकला एकत्र पाहिलं, की नुसतंच अंदाजाने बोललं, ते मला आजही ठाऊक नाही. निनावी तक्रार गेली की कुंदन खबर देतो आणि ही मुलगी छापते. रेसकोर्सच्या अधिकाऱ्यांनी चौकशी लावली.

त्या दिवशी तुला आधी आत बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर पुंजामामाबरोबर बसलो होतो. तू बाहेर आलीस ती माझ्याकडे न बघता जिन्याने खाली गेलीस. मग मी आत गेलो. त्यांनी विचारलं, 'या बाईंशी तुमची ओळख आहे का?' मी 'नाही' म्हणालो. झालं. चार-दोन प्रश्न आणखी विचारले आणि मला जायला सांगितलं. खाली गेटपाशी तू थांबली होतीस. आजूबाजूला माणसं होती. तू पुस्तक चाळल्यासारखं करत हळूच विचारलंस, 'काय सांगितलंस?' मी म्हणालो, 'ओळख नाही, असं.' तू म्हणालीस, 'बरं झालं.' एवढंच. पण योगिनी, त्या वेळचा तुझा चेहरा मी विसरलेलो नाही. थांब्यावर पोचता पोचता बस सुटलेल्या माणसाचा असतो तसा होता. मला बोलायचं होतं, पण लोक बघत होते आणि तू चालायला लागलीस.

चौकशी संपेपर्यंत भेटायचं नाही, फोन करायचा नाही, हे आपण आधीच ठरवलं होतं. ती रेंगाळली. शेवटी निर्णय आला की खबर दिल्याचा काही पुरावा नाही, सगळे अंदाज छापील निकालांच्या आकडेमोडीतून काढले आहेत. मला वाटलं, सुटलो. आणि तिथेच तुमचं पुस्तक बुडालं. लोक म्हणायला लागले, 'म्हणजे आतली खबर नव्हतीच? नुसती गणितं? मग याला पैसे कशाला द्यायचे?' तेच सदर, तेच आकडे, आणि घेणारं कुणी नाही. तुझं खरंखुरं काम सिद्ध झालं त्याच आठवड्यात त्याची किंमत गेली. बाबांनी पुस्तक बंद केलं हे मला मामाकडून कळलं. मी धीर करून घरी फोन केला तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, 'ती बंगळूरला गेली. विमा कंपनीत चांगली नोकरी आहे. आता तिला त्रास देऊ नका.' ते 'देऊ नका' ऐकून मी फोन ठेवला. आपण ओळख नाही असं जगाला सांगितलं होतं आणि बघता बघता ते खरंच झालं.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं घोड्यांवर बसलो. मिस्त्री साहेब थकले, त्यांनी तबेला दुसऱ्याच्या हाती दिला, आणि नवीन माणसाने मला कधी हाक मारली नाही. मोठ्या शर्यती इतरांना, उरलेसुरले घोडे मला. मी काही त्याचं दुःख करत बसलो नाही, पण शर्यत संपवून परत येताना वाटायचं, माझं काय चुकतंय ते बघून सांगणारं आता कुणी नाही. पडलो तेव्हाही, रुग्णवाहिकेत, वेड्यासारखं एकच डोक्यात होतं की हे तुला कसं कळणार.

आता साधनाबद्दल सांगतो. ऑपरेशननंतर मला चालायला शिकवलं ते तिने. मूळची चांदवडची, नाशिकच्या दवाखान्यात व्यायाम करून घेते. आधीचं लग्न मोडलेलं. बोलायला रोखठोक. मी पायरी चढताना रडकुंडीला यायचो तेव्हा म्हणायची, 'घोड्यावरून उडी मारत होता ना? मग ही एक पायरी चढा.' हळूहळू मळ्यात येऊ लागली. आईला तिचं वागणं आवडलं. मागच्या आठवड्यात मी तिला लग्नाचं विचारलं. विचारण्याआधी तुझं सगळं सांगितलं, जसं तुला आत्ता लिहिलं तसंच, आणि एक गोष्ट जास्तीची. ती तुला ठाऊक नाही.

मी आत गेलो तेव्हा त्यांनी लगेच प्रश्न विचारला नाही. आधी तुझा जबाब वाचून दाखवला. 'कुंदन नावाच्या जॉकीला मी ओळखत नाही, त्यांच्याशी कधी बोलले नाही.' खाली तुझी सही. तू माझं लायसन्स वाचवायला ते म्हणालीस, हे मला तिथेच कळलं. आणि मी खरं बोललो असतो तर तू खोटी ठरली असतीस, तुझं नाव आणि बाबांचं पुस्तक त्याच दिवशी गेलं असतं. म्हणून मी 'नाही' म्हणालो. पण दार ढकलताना माझ्या तोंडात वेगळंच वाक्य तयार होतं. सकाळी मामाला ते म्हणून दाखवलं होतं. मामा घाबरला होता, म्हणाला, 'लायसन्स जाईल रे.' मी म्हणालो, 'जाऊ दे.' गेटपाशी तू विचारलंस तेव्हा तुला वाटलं, याने स्वतःला वाचवलं. मला ते तुझ्या चेहऱ्यावर दिसलं आणि इतकी वर्षं मी ते तसंच राहू दिलं. साधनाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'ते वाक्य ज्या बाईसाठी होतं, तिला ते अजून मिळालेलं नाही. आधी तिला दे. मग माझ्याशी तारखेचं बोल.' म्हणून हे पत्र. उत्तराची वाट बघणार नाही, तू तुझ्या घरी सुखात असावंस एवढंच मनात आहे. फक्त वाचून ठेव. त्या दिवशी मी त्यांना सांगणार होतो, 'हो, ओळखतो. आमचं लग्न होणार आहे.'

तेव्हाचा तुझाच,
कुंदन