घट बसायच्या आत

सोलापूर,
११ फेब्रुवारी

प्रिय रेश्मा,

पाकिटावरचं सासूचं अक्षर बघून ते न उघडता ठेवून द्यावंसं वाटलं असेल, तर त्यात तुझी चूक नाही. सतरा महिन्यांत मी तुला एक फोन केला नाही, आणि तू दोनदा केलास तेव्हा उचलला नाही. पण एवढं वाच. परवा शनिवारी तुझा भाऊ दिग्विजय येऊन गेला. चहा नको नको म्हणत दोन कप प्याला आणि मग करमाळ्याच्या स्थळाचं बोलला. मुलगा शिक्षक आहे, त्याचीही पहिली बायको आजारपणात गेली, माणसं समजूतदार आहेत, सगळ्यांना पसंत आहे आणि तूच नाही म्हणतेस. का, तर म्हणे, "माझ्या बोलावण्यावर एकजण गेला, आता दुसऱ्याच्या घरात कशाला जाऊ?" दिग्विजय जाताना म्हणाला, "मावशी, तुमी एक शब्द सांगा तिला, तुमचं ती ऐकंल की." मी हो म्हटलं. तो शब्द सांगायलाच बसले आहे. पण तो लगेच कागदावर उतरत नाही, म्हणून आधी घरातलं सांगते. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं भरली, तरी आज पेन जड झालंय.

तर घरातली बातमी अशी की मी हिवाळाभर कॅक्टसची रोपं वाढवते आहे. हस, खुशाल हस. संक्रांतीच्या हळदीकुंकवात तुझ्या ऑफिसातल्या कुणी बाईनं तुला वाण म्हणून इवलंसं निवडुंग दिलं होतं, आणि तू ते हौसेनं घरी आणल्यावर मी काय काय बोलले होते ते तुला आठवत असेल. वाण म्हणून आरसा देतात, कुंकवाचा करंडा देतात, काटा कोण देतं? माझ्या ऋतुराजनं मात्र ते तुझ्या हातातून घेतलं ते घेतलंच. दिवसभर लोकांच्या घरी वायरिंग करून यायचा आणि हातपाय न धुता त्या कुंडीपुढं उकिडवा बसायचा. एकाची साठ झाडं झाली. मधल्या खोलीत त्यानं फळ्या ठोकल्या, वर ट्यूबलाइट लावली, तिला आपोआप लागायचं बंद व्हायचं घड्याळ बसवलं. तुम्ही दोघं त्या उजेडात डोकी जुळवून बसायचात आणि मी स्वयंपाकघरातून भांडी आपटायचे. खरं सांगते, मला झाडांचा राग नव्हताच. तुमच्या दोघांत मला जागा नव्हती, त्याचा राग होता.

तो गेल्यावर तू माहेरी गेलीस ती कायमची, आणि घरात मी एकटी उरले. मी आणि ते घड्याळ. पहाटे पाचला खट् असा आवाज होतो आणि मधल्या खोलीत पांढरा उजेड पडतो. पहिले काही दिवस मी प्रत्येक वेळी उठून बसायचे. ऋतुराज उठला, आता चहा मागेल, असं एक क्षणभर अगदी खरं वाटायचं, आणि मग मोकळ्या फळ्या दिसायच्या. बटण दाबलं की संपलं असतं. पण त्याच्या हातानं लावलेलं घड्याळ बंद कोणत्या तोंडानं करू? वर्षभर त्या मोकळ्या फळ्यांवर बारा-बारा तास दिवा जळला. शेजारच्या सायराबानूनं एकदा विचारलं, "आई, त्या खोलीत कोण ऱ्हातंय?" मी म्हटलं, "कुणी न्हाय." तिला ते पटलं नाही, आणि मलाही पटलं नव्हतं.

यंदा नवरात्राच्या आधी घर धुवायला काढलं. त्याच्या वर्षी सुतक होतं, घट बसलेच नव्हते, म्हणून यंदा सगळं नीट करायचं ठरवलं. गोधड्या धुतल्या, डबे घासले, आणि माळ्यावर चढले. माळ्यावर एक क्रेट होता. प्लास्टिकचा, निळा, भाजीवाले वापरतात तसा, वर जुनं लुगडं टाकलेलं. तुला त्या क्रेटचं माहीत नाही. मला आणि त्याच्या दोस्ताला, सोहेबला, सोडून कुणालाच माहीत नाही. तो मी वर्षभर उघडला नव्हता. त्यात झाडं होती, बरीचशी वाळून कोळसा झालेली. पण तीन जिवंत होती, रेश्मा. पाणी नाही, ऊन नाही, आणि तरी वाढली होती. कौलाच्या फटीतून एक उजेडाची रेघ येते, तिच्या दिशेनं त्यांनी माना काढल्या होत्या. पांढऱ्या, बोटाएवढ्या बारीक, वीतभर लांब माना, त्यांना धड काटेसुद्धा नव्हते. मी शिडीवरच बसले. ती माझ्याकडेच बघतायत असं वाटलं. तुला वेडेपणा वाटेल, पण मी त्यांना मोठ्यानं म्हणाले, "येते, आणते खाली."

तिन्ही खाली आणून त्याच्या दिव्याखाली ठेवली. क्रेटच्या तळाशी त्याची वही आणि प्लास्टिकच्या पिशवीत बियांची पाकिटं होती. वहीत सगळं लिहून ठेवलेलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही बी टिकत नाही, दिवाळीनंतर हवा उतरली की पेरायची. माती वाफवून घ्यायची. बी मातीत पुरायची नाही, वरच भुरभुरायची. आणि खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, "झाकण सारखं उघडू नये. आईपासून लांब ठेवणे." वाचून मला हसू आलं आणि तिथंच रडूही आलं. दिवाळी झाल्यावर मी चाळलेला मुरूम आणि नारळाच्या शेंडीचं कोकोपीट कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या काढल्या. मिठाईचे पारदर्शक झाकणाचे चार डबे घेतले. बी म्हणजे खसखस, शिंकलं तर उडून जाईल. पेरली, त्याच्या फळीवर त्याच्याच दिव्याखाली ठेवली, आणि मग माझ्या हातून जे व्हायचं तेच झालं. उभ्या जन्मात मी बी पेरून घरात वाढवली ती फक्त घटाची. नऊ दिवस घटाला रोज सकाळी आंघोळ करून पाणी घालायचं, चुकवायचं नाही. मी तसंच केलं. रोज झाकण काढून, हात जोडून, पळीनं पाणी. दहाव्या दिवशी दोन डब्यांत पांढरी बुरशी धरली, कापसासारखी.

घाबरून सोहेबला फोन लावला. मंद्रूप रस्त्याला त्याची नर्सरी आहे, तुम्ही दोघं रविवारी जायचात ती. वर्षानंतर तो ह्या घरात आला. डबे उजेडाला धरून बघितले आणि म्हणाला, "आई, लई पाणी केलंय की ओ. हे घट न्हाय. ह्याला एकदा पाणी दिलं की सोडून द्यायचं असतंय, आपल्याआपण येतंय." बुरशीचे दोन डबे त्यानं उचलून नेले. उरलेल्या दोघांची झाकणं चिकटपट्टीनं बंद केली आणि मला ताकीद दिली. तेव्हापासून मी हात मागे बांधून नुसती बघते. झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरतात आणि खाली गळतात. बाराव्या दिवशी मातीवर राजगिऱ्याएवढे हिरवे ठिपके दिसले. आता अडीच महिन्यांनी ते मुगाएवढे झालेत, एकोणीस आहेत, आणि त्यांना काटे फुटलेत. पण ते काटे नाहीत गं. बोट लावलं तर जावळासारखे मऊ लागतात. मी जन्मभर ज्याला भ्याले ते सुरुवातीला असं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं करूनही घरात शांत वाटत नाही. वाटलं होतं की त्याची रोपं जगली की तो मला सोडेल. तसं झालं नाही. पहाटे खट् होतं, उजेड पडतो, आणि आता मला तो उठलाय असं वाटत नाही. तो फळीपाशी उभा राहून माझ्या बोलण्याची वाट बघतोय असं वाटतं. मी रोपांची खबर सांगते, हवेची सांगते, दिग्विजय आला होता ते सांगितलं. तो काही त्यासाठी उभा नाही हे मला कळतं. सोहेबही जाता जाता दारात थांबतो, चप्पल घालायला वेळ लावतो, आणि माझ्या तोंडाकडे बघतो. दोघांना एकच गोष्ट हवी आहे. फोनवर तुला सांगायला गेले तर मला रडू येईल, आणि रडणाऱ्या म्हातारीला सगळे लगेच माफ करतात. ते मला नको आहे, म्हणून कागदावर लिहिते.

तुझी आई आजारी म्हणून तू माहेरी, मंद्रूपला होतीस. तो गेला त्या सकाळी त्याला तुझा फोन आला, "जमलं तर आज न्यायला या," एवढंच म्हणालीस, मी शेजारीच उभी होते. घट दोन दिवसांवर आले होते. लग्नाला तीन वर्षं होऊन घरात पाळणा नव्हता, आणि गल्लीतली गोजाबाई माझ्या डोक्यात भरवून गेली होती की घरात काटा असला की असंच व्हायचं. मी ऋतुराजला म्हटलं, घट बसायच्या आत काटा घराबाहेर गेला पाहिजे, नाहीतर मी घट बसवत नाही. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत तरी राहू दे." मी जेवण सोडलं. तेव्हा त्यानं मुकाट्यानं क्रेट भरले. दोन खेपा आदल्या दिवशीच सोहेबकडे झाल्या होत्या, ही शेवटची होती. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर दोरीनं क्रेट आवळला आणि निघताना मला म्हणाला, "रेश्माला उद्या आणतो. आज ह्या झाडांनी तिची जागा घेतलीय." हे त्याचे शेवटचे शब्द. बायकोला आणायला निघालेला माणूस मागची सीट भरून निघत नाही, रेश्मा. तो तुझ्याकडे येतच नव्हता. अपघात झाला तिथून, मंद्रूपच्या रस्त्यावरून, सोहेबनं क्रेट उचलला आणि तेराव्याच्या दिवशी मागच्या दारानं माझ्याकडे आणला. "हे कुणाला दाखवायचं?" म्हणाला. मी म्हटलं, "कुणाला न्हाय." आणि तशीच पुढच्या दारी येऊन, पंगत उठलेली, सगळ्या बायका बसलेल्या, तुझी आई तुझ्या शेजारी, मी तुझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिच्या बोलावण्यावर गेला." माझ्या तोंडून चुकून गेलं नाही. मला माहीत होतं मी काय करतेय. कुणीतरी दोषी असायलाच हवं होतं आणि ती मी असणं मला सोसणार नव्हतं. तू त्याला बोलावलंस म्हणून तो गेला नाही. त्याला मी पाठवला. माफी मागत नाही, तो हक्क माझा राहिलेला नाही. करमाळ्याला हो म्हण किंवा नको म्हण, पण ह्या कारणानं नको म्हणू नकोस. हे पत्र घरात सगळ्यांना वाचायला दे. रविवारी मी सोहेबला घेऊन मंद्रूपला येते आणि जे लिहिलंय ते सगळ्यांसमोर तोंडानं सांगते. घरात घेतलं नाहीस, तर दारात उभी राहून सांगेन.

तुझीच,
(पूर्वीसारखं आत्या म्हणायचं की नाही, ते तू ठरव)
सोजरबाई