आच काढू काय?

१२ जानेवारी
हुपरीच्या चांदीकामात टिकलो की! दिवाळीपासून इथंच. बिद्रीच्या कारखान्यावर बावीस दिवस, त्याआधी राजारामपुरीत क्लासचे बोर्ड लावत महिना. आई सगळ्यांना सांगत सुटते.

दादासोमामा पैंजणांचे सांधे जोडतात. मधला डाख, म्हणजे जोडायचा धातू, वितळला की चांदी क्षणभर चमकते — तेवढ्यात आच काढायची. उशीर झाला की चांदीच जाते. आचेची बत्ती त्यांच्या हातात, पण दर सांध्याला मला विचारणार, "काढू काय रं?" चाळीस वर्षं मुरलेला कारागीर! म्हटलं, तुम्हाला दिसतंय की. म्हणाले, "तुझी नजर बसू दे."

१५ जानेवारी
दिवसभर काढू काय, काढू काय. वैताग.

१७ जानेवारी
घाण केली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कबुतरं उडवत होतं, पांढरं एक उलट्या मारत होतं. मामांनी विचारलं. न बघताच म्हटलं, "थांबा की." ते थांबले. पैंजणाचा गोळा झाला.

मालक बाळासो ओरडला, "मामा, डोळे कुठं हुते?"
"चुकलं. हात जड पडला."
माझं नाव घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही.

१९ जानेवारी
मामांना सांध्यावरून काढलं. आता घुंगरं ओवायला, बायकांच्या ओळीत. मान वर करत नाहीत, नुसतं चाचपून ओवतात. बाळासोला खरं सांगायला गेलो आणि एसटीची वेळ विचारून परत आलो.

मामांना विचारलं, माझं नाव का नाही सांगितलं?
"तू थांब म्हणालास, मी थांबलो. भरवसा मी टाकला, मग चूक कुणाची?"


२२ जानेवारी
सांगितलं बाळासोला. तो म्हणाला, "तू कबुतरं बघत हुतास. मामा काय बघत हुते?"
संध्याकाळपर्यंत तेच डोक्यात. मामांना म्हटलं, डोळे दाखवून येऊ. न्हाय न्हाय म्हणत तयार झाले.

२४ जानेवारी, कोल्हापूर
काचबिंदू. उजवा डोळा गेलाय, डाव्यात नुसतं धुकं. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. डॉक्टर म्हणाले, दिवाळीच्या आधीपासून असंच असणार.

बाहेर राजारामपुरीत रिक्षा, बस, गाड्या. मामांनी माझं मनगट धरलं.
"जाऊ काय रं?"
मी दोन्हीकडं बघितलं. परत एकदा बघितलं.