कापसाचे बोळे

मंगळवार, ५ तारीख

वसतिगृहात रविवारी आम्ही दोघी केस धुऊन मागच्या पायऱ्यांवर वाळवत बसायचो. चिमणी आपला जाड काचांचा चष्मा माझ्याकडे सांभाळायला द्यायची. मी तो नाकावर चढवून पायऱ्या उतरायचे, धडपडायचे, आणि वरच्या खिडकीतून सिस्टर ओरडायच्या. त्याच चिमणीच्या घरी आज पंचेचाळीस वर्षांनी राहायला आले आहे.

काल उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लेक तिच्या नोकरीच्या गावाहून वीस तारखेला येईल. तोवर थेंब घालायला कुणीतरी हवं, माझा हात थरथरतो. चिमणीच म्हणाली, तीस वर्षं दुकानात बसून लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या मी, तुझे चार थेंब जड आहेत होय? तिला स्वतःला आता फारसं दिसत नाही. डोळ्यांचे पडदे गेलेत, डॉक्टरांनी हात टेकले. पण बोटं अशी तरबेज, की थेंब बरोबर पापणीच्या आत पडतो. सकाळी पट्टी निघाली. इथे आल्यावर पलंगावरची चादर इतकी निळी दिसली की मला भरून आलं. ती दटावून म्हणाली, राणीसरकार, रडायला बंदी आहे.

बुधवार, ६ तारीख

माझी बडदास्त काय वर्णावी! दिवसातून सहा वेळा थेंब, दोन बाटल्या, दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर. अंघोळ मानेखालूनच. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची टोपी चिकटवायची. चिमणी दर वेळी साबणानं हात धुते. थेंब पडला की मी डोळे मिटून पाच मिनिटं पडायचं, ती नाकाजवळचा कोपरा बोटानं हलकेच दाबून धरते आणि बाहेर ओघळलेलं ताज्या कापसानं टिपते. मिट म्हटलं की मी मिटते, कॉन्व्हेंटचं वळण! वर दर खेपेला तोंडातून थँक यू निसटतं. ती हसते, म्हणते, अजून तुझ्यातली मॉनिटर काही गेली नाही.

शुक्रवार, ८ तारीख

चादर फिकी वाटली. धुतलीस का, असं विचारलं. नाही म्हणाली.

एक बारीकशी गोष्ट. कचऱ्याच्या डब्यात कापसाचा बोळा एकही नाही. दिवसाला बारा तरी व्हायला हवेत. सहज विचारलं, तर म्हणाली, फेकले, का वाटीत घालून पूजा करू? हसलो दोघी. पण संध्याकाळी तिनं उभ्या उभ्या टेबलावरच्या वर्तमानपत्रातला मथळा वाचला. मी बघत राहिले, तर म्हणाली, अगं, अक्षरं मोठी आहेत.

मथळ्याखालची अक्षरंही तिनं वाचली होती. ती मोठी नव्हती.

रविवार, १० तारीख

मिट म्हणाली तेव्हा आज मी डावा डोळा पूर्ण मिटला नाही. जन्मात पहिल्यांदा असा लबाडपणा केला. तिनं माझा डोळा टिपला. मग चष्मा काढला, तोच ओला बोळा स्वतःच्या उजव्या डोळ्यावर ठेवला आणि दोन बोटांनी दाबून धरला. ओठ हलत होते, आकडे मोजल्यासारखे. नंतर बोळा काचेच्या बरणीत टाकून झाकण घट्ट लावलं.

मी थँक यू म्हटलं. आणखी काय म्हणणार? वेडीबिडी झाली असेल बिचारी. दृष्टी गेलेलं माणूस कशाकशाचा आधार शोधतं.

पण मग माझी का जाते आहे?

सोमवार, ११ तारीख

आठवड्याची तपासणी. तक्त्यावरचं सर्वांत वरचं एकच अक्षर मला दिसलं. डॉक्टर चक्रावले. टाके नाहीत, सूज नाही, भिंग जागेवर आहे, डोळा आतून स्वच्छ आहे, म्हणाले. शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. चिमणी माझा हात धरून बसली होती. तिच्यासमोर काय सांगायचं? परिचारिका म्हणाली, अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं.

निघताना चिमणीनं गंमत म्हणून तक्त्याची शेवटची ओळ वाचून दाखवली. चष्मा पर्समध्ये होता. सगळे हसले. मीही.

मंगळवार, १२ तारीख

थेंब मीच घालीन म्हटलं. ती म्हणाली, हात बघ आधी आपला. रिक्षा बोलव, घरी जाते म्हटलं. म्हणाली, जिन्यावरून पडलीस तर तुझी लेक मला बोल लावेल. दाराला कुलूप आहे. फोन मागितला, तर म्हणाली, स्क्रीन वाईट डोळ्यांना, मीच बोलते तिच्याशी. आणि बोलली, माझ्यासमोर. आई मजेत आहे म्हणाली.

मी ओरडायला हवं होतं. दुसऱ्याच्या घरात आवाज चढवायचा नाही— केवढं भिनलंय ते.

बुधवार, १३ तारीख

आजपासून डाव्या डोळ्यातही.

डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, म्हटलं. ती म्हणाली, त्यालाही सवय हवी. मी घट्ट मिटून घेतला. तिनं दोन बोटांनी उघडला. दुखवलं नाही जराही. कपाळावरून हात फिरवला, अगदी पूर्वीसारखा—

शुक्रवारी न्यायचं नाही म्हणते. गरजच काय, म्हणते.

गुरुवार, १४ तारीख

उजव्यात नुसता उजेड. डाव्यात चादर राखाडी. कडेला पुठ्ठा धरून लिहिते आहे. ती अंघोळीला गेली आहे. लेकी, अजून दिसतंय तोवर—

शिवणयंत्र तुला. पुस्तकं वरच्या मजल्यावरच्या बाईंना, त्या जपतील. नवी शाल कामाच्या मावशींना. नवी, जुनी नव्हे. मरणानंतर डोळे द्यायचा फॉर्म भरलाय, कपाटात आहे. तो फाड. कुणाला देऊ नका, त्यात आता काही—

ती दारात आहे. कधी आली कळलं नाही. तिथूनच म्हणते, ओळ वर चढतेय गं तुझी. म्हणते, मावशींना शाल कशाला, छत्री दे.

हात धुतलेत. पाणी टपकतंय.

विचारते आहे, लेकीला चष्मा नाही ना अजून? वीसला येते ना?

ही वही डॉक्टरांना. बाटल्याही. बरणी त्यांनाच, उघडू नका. लेकी, इथे येऊ नकोस. आलीस तर तिच्यापुढे डोळे मिटू—